जावयाची भेट आणि गाडीतली कुंई

जावयाने दिलेल्या वस्तूत खोट काढू नये, असा कायदा कुठल्या पुस्तकात नाही. बोईसरजवळच्या नवापूरच्या नामदेवरावांना मात्र तो तोंडपाठ होता. एरवी खोट काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर त्यांनी निवृत्त होईपर्यंत सांभाळलं, आणि आलेला माल पहिल्या फेरीत आत घेतला असं फारसं कधी झालं नाही. घरीसुद्धा वांगं, पंखा, पंचांग, लग्नाची पत्रिका, काहीही हातात आलं की ते आधी उलटं करून बघत. अशा माणसाला जावयाने दिवाळीत म्युझिक सिस्टिम भेट द्यावी, तिने महिन्याभरात कुंई कुंई करायला लागावं आणि त्या माणसाने तोंडातून अवाक्षर काढू नये, ही शिक्षा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

जावयाचं नाव सुजित. पालघरला सरकारी कचेरीत कारकून, घर तिथल्याच माहीम रस्त्याला, घरामागे चिकूची वाडी. नामदेवरावांची एकुलती एक लेक दिशा त्याच्या प्रेमात पडली तेव्हा नामदेवरावांनी घरात बरेच दिवस मौन पाळलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपण बोटवाले, ते वाडीवाले, जमायचं कसं? लग्न झालं, दिशा सुखात होती, सुजित गुणाचा मुलगा निघाला आणि मौनही केव्हाच सुटलं. पण सासऱ्या-जावयामध्ये बोलायला विषय म्हणून काही उरला नाही. सुजित नवापूरला आला की खुर्चीच्या कडेवर टेकायचा आणि म्हणायचा, "वारा आहे आज." नामदेवराव म्हणायचे, "हाय थोडा." मग दोघंही त्या वाऱ्याकडे बघत बसायचे. चहा झाला की सुजित उठायचा. जेवायला कधी थांबायचा नाही. नामदेवरावांना ते फार लागायचं. आपणच या मुलाला पहिल्यांदा दाराबाहेर ठेवलं, आता दार सताड उघडं असून तो आत यायला बिचकतो, असं त्यांना वाटायचं, आणि हे बोलायचं कुणाजवळ ते कळायचं नाही.

म्हणून त्या दिवाळीला सुजित भलंमोठं खोकं घेऊन आला तेव्हा नामदेवराव चकितच झाले. त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीत बसवायची सिस्टिम! पुढे चकचकीत स्क्रीन, दारांत स्पीकर आणि डिकीत ॲम्प्लिफायर नावाची काळी पेटी. बोईसरच्या दुकानातला माणूस बरोबर आणून सुजितने ती अर्ध्या दिवसात बसवून दिली आणि तो म्हणाला, "दिशा सांगत होती, गाडी चालवताना तुम्हाला जुनी गाणी लागतात." अशा वेळी काय बोलायचं असतं ते नामदेवरावांना सुचेना. शेवटी ते म्हणाले, "बिल जपून ठेवा."

सुजितने मान हलवली आणि तो चहा न घेताच गेला. त्यानंतर वत्सलाबाई, म्हणजे नामदेवरावांच्या पत्नी, त्यांच्याशी दोन दिवस फक्त भांडी आपटून बोलत होत्या.

आता बोलणं जमत नसेल तर मासळी पाठवावी, ही आमच्या किनाऱ्याची रीत. चुलतभाऊ जिवल्याची बोट लागली की लेकीच्या सासरी वाटा जायचाच, पण तो सणावारी. दिवाळीनंतर नामदेवराव दर रविवारी स्वतः गाडी काढून पालघरला वाटा पोचवू लागले. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, त्यावर मासळी, वर पुन्हा बर्फ, आणि खोकं डिकीत. मागच्या सीटवर खोकं ठेवायला वत्सलाबाईंची सक्त मनाई होती, कारण सीटकव्हर नवीन होतं.

महिनाभर गाणी सुरेख वाजली. मग एक दिवस गाडी सुरू केल्याबरोबर स्पीकरमधून बारीक आवाज आला. कुंई. कानाशी डास यावा तसा. ॲक्सिलेटर दाबला की तो चढायचा, सोडला की उतरायचा. तिसऱ्या गिअरमध्ये तो गाणाऱ्या बाईच्या बरोबरीने चालायचा आणि चौथ्यात तिला मागे टाकायचा. इंजिन बंद केलं की मात्र एकदम गप्प, आणि बाई पुन्हा एकट्या गायला मोकळ्या.

"तुला आयकू येते का?" नामदेवरावांनी शेजारी बसलेल्या वत्सलाबाईंना विचारलं.

"काय?"

"कुंई."

वत्सलाबाईंनी कान दिला. "येते की. जावयांना सांगा, ते नेतील दुकानात."

"येडी हायस काय? काय सांगू त्यांना? तुमी दिलेली चीज बिघडली म्हणून? आधीच बिलाचं बोलून बसलोय."

"मंग बसा आयकत," असं म्हणून वत्सलाबाईंनी काच वर केली.

नामदेवरावांनी धोरण ठरवलं. कुंई गुपचूप दुरुस्त करायची, आणि तोवर जावयाला तिचा पत्ता लागू द्यायचा नाही. पालघरला गेलं की गाडी फाटकापासून लांब उभी करायची, खोकं दारात ठेवायचं, "घाई हाय जरा" म्हणायचं आणि सुटायचं. उगाच कोणी "गाणी कशी वाजतात?" म्हणून गाडीत येऊन बसलं म्हणजे पंचाईत! शिवाय मन खात होतं, ते वेगळंच. ते मन गप्प बसवायला त्यांनी वाटा वाढवला. आधी मांदेली आणि बोंबील जायचे, आता पापलेट जाऊ लागले. गंमत अशी, की पालघरला जाऊन आलं की पुढच्या दिवशी कुंई थोडी वाढलेलीच असायची. कुंई वाढली की नामदेवरावांना अपराधी वाटायचं, आणि अपराधी वाटलं की पापलेटचा आकार वाढायचा. जिवल्याने एकदा विचारलंसुद्धा, "दादा, तुजा जावई मासळी खातो की इकतो?"

गुपचूप दुरुस्तीचं म्हणाल, तर नवापुरात गुपचूप असं काही करता येत नाही. शेजारच्या सुगंधाबाईंनी पहिल्याच दिवशी निदान केलं, की नव्या वस्तूला नजर लागली. त्यांनी लिंबू-मिरची बांधून दिली. कुंई तशीच. दुसऱ्या एकाने सांगितलं, की पालघरच्या रेल्वेच्या तारा गाडीवर ओढ घेतात, तिकडून आलं की गाडी थोडा वेळ सावलीत ठेवावी. हे नामदेवरावांना पटलं, कारण पालघरहून आल्यावर आवाज वाढत होता, एवढं खरंच होतं. त्यांनी गाडी सावलीत ठेवली. सावली नेमकी कावळ्यांच्या झाडाची होती, त्यामुळे कुंई तशीच राहिली आणि वर गाडीचा टप तेवढा धुवावा लागला.

मग आले आनंदाभाऊ. हे वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले, पलीकडच्या घरातले. त्यांनी गाडी सुरू करायला लावली, बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले आणि एकच शब्द उच्चारला.

"अर्थिंग."

"म्हंजे?"

"गाडीला अर्थिंगच नाय. घराला असते ना? गाडीला कुठे हाय? चार रबरी चाकांवर उभी हाय बिचारी. करंट जाईल कुठे?"

शब्द बरोबर होता, हे पुढे सिद्ध झालं, म्हणून आनंदाभाऊंचा मान राखायलाच हवा. पण त्यांच्या मनातलं अर्थिंग म्हणजे घराचं अर्थिंग. त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणायला लावला, त्यात मीठ आणि कोळसा भरला, तांब्याची पट्टी पुरली आणि तिच्यापासून एक जाड तार आणून गाडीच्या मागच्या बंपरखाली आवळून बांधली. वर बादलीभर पाणी ओतलं. "आता कर चालू," ते म्हणाले.

कुंई तशीच होती. पण आनंदाभाऊ म्हणाले, जमिनीत मुरायला वेळ लागतो, रातभर राहू दे. नामदेवराव बरं म्हणाले. आणि सकाळी उठून, दाढी करून, दूध आणायला म्हणून त्यांनी गाडी काढली.

तार विसरले होते. जाड तार, आवळून बांधलेली. खड्ड्यातली पट्टी मीठ-कोळशासकट वर आली आणि गाडीमागून अंगणभर नाचत निघाली. वाटेत सुगंधाबाईंचे बोंबील वाळत होते. बांबूंना दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील. पट्टी पहिल्या बांबूला अडकली, बांबूने दुसऱ्याला बरोबर घेतलं, आणि नामदेवराव दूध डेअरीपर्यंत पोचले तेव्हा त्यांच्यामागे सुगंधाबाईंचा निम्मा माल वरातीसारखा चालत आला होता. वरातीच्या शेवटी स्वतः सुगंधाबाई होत्या. त्या काय बोलल्या ते इथे देण्यासारखं नाही. लिंबू-मिरची मात्र त्यांनी तिथल्या तिथे सोडवून परत नेली.

नामदेवरावांची मानहानी झाली ती झाली. आता उरलं बोईसरचं दुकान, जिथून सिस्टिम घेतली होती. काउंटरवर जागृती नावाची मुलगी होती, हसतमुख आणि कॉम्प्युटरच्या पुढे एक पाऊल न टाकणारी. नामदेवरावांनी गाडी आत घेतली. एक कामगार येऊन बसला, त्याने इंजिन बंद ठेवून गाणं लावलं आणि मान डोलावली. "अंकल, साउंड तो एकदम मस्त है."

"अरे भाई, गाडी चालू करके देखो ना. तब आवाज आता है."

"अंदर स्टार्ट करना मना है." त्याने बोर्ड दाखवला. धुराची मनाई होती.

"मग बाहेर घेऊ."

"काका, बाहेर टेस्टिंग चालत नाही," जागृती म्हणाली. "कॉम्प्युटरला टेस्टिंगची जागा टाकावी लागते, आणि त्यात आतल्याच दोन जागा आहेत."

म्हणजे जिथे आवाज येतो तिथे तपासता येत नाही आणि जिथे तपासता येतं तिथे आवाज येत नाही. आयुष्यभर स्टोअर चालवलेल्या नामदेवरावांना यातलं सौंदर्य कळलं. पूर्वी ते स्वतः लोकांना असंच परत पाठवत. हताश होऊन ते म्हणाले, "निदान तक्रार तरी लिहून घे, पोरी."

जागृतीने घेतली. "गाडी सुरू असताना आवाज," असं तिने टाइप केलं. "बिल कुणाच्या नावावर आहे?"

"जावयाच्या."

"मग ओटीपी त्यांच्या मोबाईलवर गेलाय. तेवढा सांगा."

नामदेवरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "पाठवलास? कशाला पाठवलास?"

"आपोआप जातो, काका. लवकर सांगा हं, नाहीतर तक्रार रद्द होते."

सुट्टीचा दिवस होता, सुजित घरी असणार. दिशाला हळूच फोन करून आकडे काढून घ्यावेत, सुजितने मोबाईल बघण्याआधी मेसेज पुसायला सांगावं, असा बेत करून त्यांनी दिशाला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "हां, बोला बाबा." तो सुजितचा होता. दिशा कपडे वाळत घालायला गच्चीत गेली होती.

माणसाला अशा वेळी जे सुचतं ते सुचतं. नामदेवराव नाकातून आवाज काढत म्हणाले, "राँग नंबर." आणि फोन ठेवला.

परत येताना कुंभवलीपर्यंत त्यांनी स्वतःची समजूत घातली, की त्याने ओळखलं नसेल. कुंभवलीच्या पुढे त्यांना आठवलं, की लेकीच्या फोनवर आपलं नाव फोटोसकट येतं, दोन्ही हातांत सुरमई धरलेला.

आणि मग ती उड्डाणपुलाची भानगड झाली. नामदेवराव बोईसरला बाजारात गेले होते आणि समोर सुजित. ऑफिसच्या कामाला आलेला, परत जायला रिक्षा शोधत होता. जावई रस्त्यावर उभा आणि सासऱ्याची गाडी रिकामी, म्हणजे सोडणं आलंच. गाडीत बसल्यावर सुजितने घसा साफ केला. "बाबा, गाणी लावू या का?"

लग्नाला इतका काळ लोटल्यावर वारा सोडून मुलाने काढलेला हा पहिला विषय! नामदेवरावांचं मन भरून आलं, पण गाणं लावलं की कुंई ऐकू येणार. त्यांनी विचार केला: इंजिन बंद असलं की कुंई नसते. समोर बोईसरचा उड्डाणपूल. चढ संपला की उतार. उतारावर इंजिनाचं काय काम? "लावू या की," ते म्हणाले, "पुलावर लावू. तिथे बरं वाटतं."

पुलाच्या माथ्यावर त्यांनी इंजिन बंद करून गाणं लावलं. काय स्वच्छ आवाज होता! सुजितच्या चेहऱ्यावर हसू आलं. नामदेवरावांनी ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि त्यांना धन्य वाटलं. पण इंजिन बंद केलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकला दोन्ही पायांनी विनवावं लागतं, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. गाडी तिच्या मर्जीने पुलाखाली उतरली आणि चौकाच्या बरोबर मध्ये, कडव्याच्या ऐन भरात, उभी राहिली. चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. एका टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं. "अंकल, गाना सुनना है तो घर पे सुनो ना!"

नामदेवरावांनी घाईघाईने आधी सिस्टिम बंद केली आणि मग इंजिन चालू केलं. "बॅटरी हो," ते म्हणाले, "वाचवायला लागते." पालघर येईपर्यंत सुजित खिडकीबाहेर बघत होता.

दुसऱ्या दिवशी दिशाचा फोन आला. तिचा आवाज रडवेला होता. "पप्पा, तुम्ही त्याला गाणं का ऐकू दिलं नाही? तो म्हणतो, त्यांना माझी वस्तू आवडलीच नाही. मन राखायला ठेवलीय गाडीत. काढून घेऊन येतो म्हणतोय."

"अगं, तसं नाय..."

"मग कसं आहे? त्याने किती दिवस पैसे साठवून घेतली ती. कुठली घ्यायची म्हणून दहा दुकानं फिरला. तुमच्याशी काय बोलावं ते त्याला कळत नाही, पप्पा. म्हणून गाणी दिली."

नामदेवराव फोन हातात धरून बराच वेळ ओटीवर बसून राहिले. कुंईचं राहू दे, ते आता वेगळ्याच गोष्टीला घाबरले होते. त्या मुलाने एक पाऊल पुढे टाकलं होतं आणि आपण त्याला पुन्हा दाराबाहेर उभं केलं, तेही त्याचा मान ठेवायच्या नादात. आता तो ती काळी पेटी काढून नेईल, आणि मग पुढची तीस वर्षं आपण दोघं वाऱ्याकडे बघत बसू. वत्सलाबाईंनी चहा आणून ठेवला. "सांगून टाका सगळं त्यांना," त्या म्हणाल्या. नामदेवरावांनी मान हलवली. सांगायचं होतंच, फक्त रिकाम्या हातांनी सांगायचं धाडस नव्हतं.

त्यांनी जिवल्याला निरोप धाडला. या रविवारी रावस पाहिजे. मोठा.

रविवारी सकाळी ते किनाऱ्यावरून परतले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत मिळून एक रावस होता, लहान पोराएवढा. मनात वाक्यं जुळवत ते अंगणात शिरले. बघतात तर गाडीची डिकी उघडी, आणि तिच्यात कमरेपर्यंत शिरलेला एक माणूस! बाहेर फक्त पाय आणि पाठ, आतून पान्याची खटखट.

जावयाची सिस्टिम! पुढचा मागचा विचार न करता नामदेवरावांनी रावस शेपटीकडून दोन्ही हातांनी धरला, वर उचलला आणि चोराच्या पाठीत सणसणीत हाणला.

"आई गं! बाबा, मी! मी आहे!"

सुजित. पाठीवर रावसाची खवलं, हातात पाना, केस विस्कटलेले. नामदेवरावांच्या हातात रावस तसाच. स्वयंपाकघराच्या खिडकीत वत्सलाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या; गाडीची चावी त्यांनीच दिली होती.

जावयाला मासळीने मारणारा सासरा नवापुरात पूर्वी झाला नव्हता आणि पुढे होईल असं वाटत नाही. "लागलं?" नामदेवरावांनी कसंबसं विचारलं.

"नाही," सुजित पाठ चोळत म्हणाला. "ताजा आहे. मऊ लागला."

"तुमी... काढून न्यायला आलात ना? न्या. तुमचा हक्क हाय."

"काढायला नाही आलो. आवाज शोधायला आलो."

"कुठला आवाज?" नामदेवराव सवयीने म्हणाले.

सुजितने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "कुंई."

सुजितने पाना खाली ठेवला. "ओटीपी आला होता. खाली लिहिलेलं होतं, गाडी सुरू असताना आवाज. आणि लगेच तुमचा फोन आला, राँग नंबर म्हणून. तेव्हा कळलं नाही. परवा दिशाशी वाद झाला, मग एकेक आठवत गेलं. पुलावरचं इंजिन, बॅटरी. दुकानात गेलो तर तो माणूस म्हणाला, पेटीची काळी, अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला कसलेली असते, ती सैल झाली तर आवाज येतो. म्हटलं तुम्हाला कळू न देता गुपचूप करून जावं. तुम्हाला उगाच संकोच नको." त्याने डिकीतलं कार्पेट वर उचललं. "पण बघा तरी."

नामदेवरावांनी रावस बाजूला ठेवला आणि दोघंही वाकले. कार्पेटखाली बोटभर पाणी साचलं होतं. त्यात खवलं तरंगत होती आणि एक वाळलेली कोळंबी होती. वास असा, की गाडी आहे की बोट, ते डोळे मिटून सांगता आलं नसतं. पाण्यात काळ्या वायरचा स्क्रू होता, गंजून फुगलेला, आणि वायरचं तांबं हिरवंगार झालेलं.

नामदेवरावांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "खारं," ते म्हणाले. मग त्यांनी ओटीवरचं थर्माकोलचं खोकं आणून उलटं केलं. बुडाला अंगठा जाईल एवढी चीर होती. दर रविवारी बर्फ वितळत होता, आणि पाणी बरोबर जावयाच्या स्क्रूवर जात होतं.

"म्हंजे तुमच्या घरी नेलेल्या मासळीनेच..."

"आणि आवाज वाढला की तुम्ही मोठी मासळी आणायचात," सुजित म्हणाला. "आई म्हणायचीच, दर वेळी पापलेट मोठं कसं होतंय."

"मोठी मासळी म्हंजे बर्फ जास्ती."

"बर्फ जास्ती म्हणजे पाणी जास्ती."

"म्हंजे मीच वाट लावली तुमच्या वस्तूची." नामदेवरावांनी खोकं बाजूला ढकललं. "बस. आजपासून मासळी बंद."

"नाही!" सुजित एवढ्या मोठ्याने ओरडला, की पलीकडे आनंदाभाऊंच्या खिडकीचा पडदा हलला. "मासळी बंद करायची नाही. पाहिजे तर राहू दे आवाज. रविवारी घरी सगळे वाट बघतात, बाबा. आई सकाळी उठून मसाला वाटून ठेवते. आमचे बाबा फाटकाशी फेऱ्या मारतात. आणि तुम्ही लांब गाडी लावता, खोकं ठेवता आणि पळता. एकदासुद्धा आत येत नाही. मला वाटायचं, अजून राग आहे माझ्यावर."

"राग?" नामदेवराव म्हणाले. "अरे बाबा, मी तोंड लपवत होतो. तुला कुंई आयकू येईल म्हणून."

त्यांच्या तोंडून "तू" गेलं. त्यांच्या लक्षात आलं नाही. सुजितच्या आलं असावं, कारण तो हसायला लागला. आधी आवरून, मग पोट धरून. नामदेवरावांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण बाजूला ठेवलेल्या रावसाकडे नजर गेली आणि त्यांचाही बांध फुटला. डिकीत वाकून दोघं इतके हसले, की वत्सलाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि काय झालं ते न विचारता स्वतःच हसायला लागल्या.

काम म्हणाल तर अर्ध्या तासाचं निघालं. पाणी उपसलं, वायरचं हिरवं टोक कापलं, आणि ती मागच्या सीटखाली कोरड्या जागी आणून पत्रा पॉलिशपेपरने घासून पक्की कसली. कुठली जागा निवडायची यावर दोघांचा पाच मिनिटं वाद झाला. नामदेवरावांनी सुजितने कसलेला स्क्रू तपासला आणि तो सैल आहे म्हणून पुन्हा कसायला लावला. सुजितने मुकाट्याने कसला. गाडी सुरू केली, ॲक्सिलेटर दाबला. कुंई नव्हती. गाणाऱ्या बाईंचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. पण ते ऐकायला गाडीत फार वेळ कोणी थांबलं नाही, कारण रावस तव्यावर पडल्याचा वास अंगणात आला होता.

सुजित जेवायला थांबला. विचारलंच नाही कोणी. पान मांडलं आणि तो बसला. त्याने तीन वेळा आमटी घेतली. जेवण झाल्यावर हात धुऊन "पाचच मिनिटं हां" म्हणत तो ओटीवरच्या चटईवर आडवा झाला, आणि पाच मिनिटांत घोरायला लागला.

काय घोरणं होतं! खालून खर्जात सुरू व्हायचं, चढत चढत वर जायचं आणि टोकाला गेल्यावर नाकातून बारीक शिट्टी वाजायची. पलीकडून आनंदाभाऊ चौकशीला आले. "काय रे नामदेव, अर्थिंग..." नामदेवरावांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. सुगंधाबाई पाखडायला बसल्या होत्या, त्यांना हात जोडून सूप आत न्यायला लावलं.

वत्सलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "बया! केवढा हो आवाज!"

नामदेवराव थोडा वेळ ऐकत राहिले. "असू दे," ते म्हणाले. "मला आवडतो."

सुजितच्या शर्टाला रावसाचा वास होता, त्यामुळे माश्या येत होत्या. नामदेवरावांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि त्याच्या उशाशी बसून ते त्या वारत राहिले.